चिडचिड आधी, आभार नंतर: मन आंबलेलं असताना कृतज्ञतेची वही कशी सुरू करावी

सोयाबीन काढणीला आलं की नेमका पाऊस गाठतो. मोंढ्यात नेलं तर ओलावा जास्त म्हणून भाव पाडतात. घरी यावं तर लेकराच्या क्लासची फी समोर असते, आणि शेजारचा बाजेवर बसल्या बसल्या विचारतो, "काय मग, बरं चाललंय ना?" अशा दिवसांत कोणी 'कृतज्ञ राहा, पॉझिटिव्ह विचार करा' म्हणालं की अंगाचा तिळपापड होतो. होऊ द्या. या लेखात पॉझिटिव्ह व्हायला कोणी सांगणार नाही. रात्रीची दहा मिनिटं, एक वही आणि दिवसभरात जे खरंच घडलं तेवढंच तिच्यात लिहायचं, इतकंच हे काम आहे. मनात आधीच कडवटपणा भरलेला असताना ते कसं सुरू करायचं, कुठं गाडी अडते आणि कुठं ही वही सरळ मिटून ठेवावी, ते सांगतो.

आधी हे बघून घ्या

ही वही म्हणजे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच मन उदास आहे, झोप उडाली आहे किंवा उठवतच नाही, जेवण जात नाही, ज्या गोष्टीत रमायचो तिच्याकडे बघवत नाही, असं असेल तर आधी डॉक्टरकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तिथं कोणी ओळखीचं भेटेल म्हणून पाय मागे घेऊ नका. तोही तपासून घ्यायलाच आलेला असतो. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा आहे, नंबर १४४१६. २०२२ पासून ती सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हा लेख इथंच सोडा, तो नंबर लावा आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा. घरच्यांनीही ऐकून घ्यावं, त्या माणसाला एकटं सोडू नये, आणि फवारणीची औषधं कुलपात टाकून किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे वाक्य लिहावं लागतं, त्याला इलाज नाही.

बाकी रोजची चिडचिड, वैताग, 'आपलंच नशीब असं' ही भावना, जुने अपमान उगाळत बसणं, यासाठी मात्र वही उपयोगी पडते.

उपयोग होतो हे कशावरून

दिवसभरात दहा जण नीट बोलले आणि बाजारात एकानं चारचौघांत पाणउतारा केला, तर रात्री उशीवर डोकं टेकल्यावर आठवतो तो एकच. वाईट गोष्ट चांगलीपेक्षा जास्त चिकटते, हे मानसशास्त्राच्या अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे अभ्यास एकत्र मांडले होते. धोका आधी दिसला तरच जीव वाचतो, म्हणून ही खोड मेंदूत मुरलेली असावी. बांधावर साप दिसला तर शेजारच्या मोगऱ्याकडे कोण बघतंय?

२००३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांचे तीन गट केले. एका गटानं दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं डोक्याला ताप देणाऱ्या, तिसऱ्यानं नुसत्याच घडलेल्या. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपलं एकूण आयुष्य जास्त बरं वाटत होतं. पुढे २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या आणि प्रत्येकीपुढे 'हे का घडलं' तेही लिहायला सांगितलं. त्यांच्यातला फरक सहा महिन्यांनंतरही मोजता आला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. असे बरेच अभ्यास पुढे एकत्र करून पाहिले गेले तेव्हा नैराश्य आणि चिंता यांच्यावरचा परिणाम लहानच निघाला. म्हणजे वहीनं थोडा उजेड पडतो, दिवस फिरत नाहीत. एवढ्यावर समाधान असेल तर पुढे वाचा.

वही आणि वेळ

शंभर पानी वही घ्या. लेकराची अर्धी उरलेली असेल तर तीच घ्या, नवी महागडी डायरी आणली की तिच्यात चांगल्या अक्षरात चांगलंच लिहावंसं वाटतं आणि सगळा खेळ तिथंच बिघडतो. कोणाला वहीही जड वाटत असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या ज्या चौकटीत दुधाचा रतीब टिपता तिथं एक ओळ लिहिली तरी सुरुवातीला पुरे. मोबाइलवर लिहू नका. लिहायला म्हणून हातात घेतलेला मोबाइल अर्ध्या तासानं रील बघूनच खाली ठेवला जातो.

वेगळा वेळ काढायच्या भानगडीत पडू नका, तो निघत नाही. रोज न चुकता होणारं एखादं काम धरा आणि त्याच्या मागं वही लावून द्या. भांडी घासून ओटा पुसला की वही. दुकानाचं शटर ओढलं, गल्ला मोजला की वही. शेताला रात्रीची लाइन असेल तर मोटार चालू करून, दारं धरून आखाड्यावर टेकलात की वही. गंगाखेडच्या जनाबाईंनी नामस्मरणासाठी कुठं वेगळी खोली मागितली होती? दळण, कांडण, शेणगोठा चालू असतानाच त्यांचं ते चालायचं. ज्यांना दिवसाकाठी पाच मिनिटंही स्वतःची मिळत नाहीत त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

सकाळी लिहावं की रात्री? रात्री. दिवस ताजा असतो आणि झोपण्याआधी डोक्यात काय घोळवायचं ते थोडं आपल्या हातात राहतं.

पहिली तीन मिनिटं चिडचिडीची

बहुतेक ठिकाणी सांगतात की वही उघडा आणि आभाराच्या गोष्टी लिहा. मन बरं असेल तेव्हा ते ठीक आहे. मन आंबलेलं असताना मात्र 'आज माझ्या आयुष्यात काय चांगलं आहे' या प्रश्नाला आतून शिवीच येते. ती शिवी दाबून वर आभार लिहिले की ते खोटे उतरतात, आणि खोटं लिहिलेलं आपल्याला लगेच कळतं. चार दिवसांत वही कपाटावर जाते.

म्हणून पानाच्या वरच्या भागात आधी राग काढा. नाव घेऊन लिहा, भाषेची पर्वा करू नका. 'थोरल्यानं वाटणीत बोअरचं तोंड स्वतःकडे ठेवलं.' 'साहेबांनी पुन्हा रजा कापली.' 'सासूबाईंनी पाहुण्यांसमोर माझ्या माहेराचं काढलं.' एखाद्या तक्रारीवर उद्या काही करता येण्यासारखं असेल तर तिच्यापुढे बाण काढून ते काम लिहा: उद्या तलाठ्याला पंचनाम्याचं विचारणे, बँकेत जाऊन हप्त्याचं बोलणे.

मग आडवी रेघ मारा. अर्ध्या पानाच्या खाली राग जाऊ द्यायचा नाही. ही हद्द पाळाच, कारण वर सांगितलेल्या प्रयोगात नुसता डोक्याचा ताप लिहिणारा गट मागंच राहिला होता.

रेघेच्या खाली तीन गोष्टी

इथं नवीन माणूस हमखास लिहितो: 'घर आहे, कुटुंब आहे, तब्येत चांगली आहे.' दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शाळेच्या प्रार्थनेसारखं ते तोंडपाठ होऊन जातं आणि मनाला लागत नाही. तीन गोष्टी निवडताना त्या आजच्याच हव्यात, इतक्या लहान हव्यात की दुसऱ्याला सांगायला संकोच वाटावा, आणि पुढे 'का' हवं. कोणामुळं घडलं, कशामुळं घडलं. सगळी मेहनत या 'का'मध्ये आहे. तो लिहिताना माणूस दिवसात मागं फिरतो आणि जे बघायचं राहून गेलं होतं ते बघतो.

समजा लातूरला राहून 'नीट' परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आहे. परभणीकडची, हॉस्टेलला राहते, बारावीचं वर्ष. तिचं एक पान असं असेल:

चिडचिड: टेस्टमध्ये फिजिक्स पुन्हा गेलं. बाबांनी फोनवर जेवलीस का विचारलं नाही, मार्कच विचारले. रूममेट रात्री दोनपर्यंत लाइट चालू ठेवते. → उद्या फिजिक्सच्या सरांना पेपर दाखवणे.

रेघ.

१. मेसला उशीर झाला तरी मावशींनी भाकरी तव्यावर टाकून गरम करून दिली. का? नऊला बंद करतात, पण आज माझी टेस्ट होती हे त्यांच्या लक्षात होतं.
२. सकाळची कणकण दुपारी उतरली. का? रूममेटनं तिच्या डब्यातली गोळी दिली आणि खाली जाऊन लिंबू आणलं. (हीच ती लाइटवाली.)
३. ऑरगॅनिकचा एक प्रश्न कोणाला न विचारता सुटला. का? रविवारी तो धडा दोनदा लिहून काढला होता.

दुसऱ्या क्रमांकाकडे नीट बघा. रेघेच्या वर जिचा राग आहे तीच खाली आली आहे. तिची लाइट काही बंद झालेली नाही आणि उद्या त्यावरून भांडणही होईल कदाचित. पण आता त्या मुलीच्या डोक्यात रूममेटचं एकच चित्र राहिलेलं नाही. माणसं अशी वर-खाली दोन्हीकडे यायला लागली की वही कामाला लागली असं समजा. घरात तर हे सर्रास होतं, कारण ज्यांचा राग येतो तीच माणसं दिवसभर आपल्यासाठी काही ना काही करतही असतात.

तिसऱ्या क्रमांकात तिनं स्वतःचे कष्ट लिहिले आहेत. तेही चालतं. आपल्याकडे स्वतःचं बरं बोलणं म्हणजे गर्व समजतात, पण वहीला कोण बघतंय?

काहीच सुचत नाही तेव्हा

असे दिवस येणारच, आणि पहिल्या आठवड्यात जास्त येतील. तेव्हा स्वतःला विचारा: आज कोणी माझं काम हलकं केलं? काय बिघडू शकलं असतं पण बिघडलं नाही? एसटी वेळेवर आली, डीपी जळाली नाही, गाभण गाय सुखरूप व्याली. आज कशाची चव बरी लागली? कोणाशी बोलताना मिनिटभर तरी हसू आलं?

तरीही पान कोरंच राहिलं तर उलटं मोजा. रोजची एखादी गोष्ट घ्या आणि ती नसती तर काय झालं असतं ते लिहा. मिन्क्युंग कू, टिमथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट वगैरे संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिण्यापेक्षा ती घडलीच नसती तर, असं लिहिणाऱ्यांना नंतर जास्त बरं वाटलं. सवयीनं बोथट झालेली गोष्ट अशी पुन्हा टोचायला लागते.

मराठवाड्यातल्या माणसाला हा हिशोब शिकवावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्याआधी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. ज्यांनी त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रात्री जागवल्या त्यांना नळाचं पाणी म्हणजे काय ते विचारा. नळ आला त्या दिवशी 'पाणी आलं' एवढं लिहून थांबू नका. ते आल्यामुळं आज काय काय करता आलं ते लिहा. पोरीला शाळेत जायच्या आधी केस धुता आले, दोन दिवसांचे कपडे निघाले, टँकरवाल्याला फोन करावा लागला नाही.

आणि एखाद्या रात्री खरंच काही नसेल तर 'आज काही नाही' असं लिहून तारीख टाका आणि झोपा. तीन म्हणजे तीनच, असा काही शिरस्ता नाही.

तोंडानं सांगणं

दोन-तीन आठवडे झाले की वहीत काही नावं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. त्यातल्या एकाला जाऊन सांगा. सेलिगमन यांच्याच २००५ च्या प्रयोगात कधी नीट आभार न मानलेल्या माणसाला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायला सांगितलं होतं, आणि लगेचचा आनंद सगळ्यांत जास्त यातच दिसला. तो तीन महिन्यांच्या आत ओसरला, तेही खरं.

आपली अडचण वेगळीच असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करताना बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून आपण त्याला म्हणतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करून पूजा मांडतं, भज्जी आणि आंबील आधी काळ्या आईला दाखवतं. बैलाचे आभार, मातीचे आभार, आणि जी बाई पहाटे चारला उठून ती भज्जी शिजवते तिला वर्षभरात एक शब्द नाही! गावातल्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन असतं, पण तोवर लोक चपला शोधायला उठलेले असतात.

घरात 'धन्यवाद' म्हणालात तर समोरचा माणूस काही मागायचंय का, अशा नजरेनं बघेल. म्हणून शब्द मोठे नकोत, केलेलं काम नाव घेऊन सांगा. "काका, त्या साली तुम्ही बियाण्याला पैसे दिले नसते तर माझी पेरणी हुकली असती." "वहिनी, दवाखान्यात तुम्ही रात्रभर बसलात म्हणून मला डोळा लागला." बायकोला: "आज लेकराचा डबा तू भरलास, मला वेळेवर निघता आलं." उत्तर फार मोठं येणार नाही. "बरं बरं, च्या घे" एवढंच येईल किंवा विषय बदलला जाईल. त्यावरून ते पोचलं नाही असं समजू नका.

कुठं पाय घसरतो

सगळ्यांत मोठी घसरण म्हणजे वहीचा वापर तोंड बंद करायला होणं. 'मिळतंय ते गोड मानून घे' हे वाक्य आपल्याकडे सुनेला, सालगड्याला आणि नोकरीवरच्या पोराला फार वेळा ऐकवलं जातं. नवरा हात उचलतो, मजुरी थकली आहे, विम्याची रक्कम आली नाही, तर त्याचं उत्तर आभार मानण्यात नाही. रेघेच्या वरचा भाग त्यासाठीच ठेवला आहे. तिथला बाण उद्या पोलीस ठाण्याकडे, तहसीलकडे किंवा माहेरच्या फोनकडे जात असेल तर तिकडे जा. दुसऱ्याला 'तू कृतज्ञतेची वही लिही' असं सुनावणं तर अजिबात नको. ज्याला लिहायची आहे त्यानं स्वतःची लिहावी.

दुसरी, 'त्याच्यापेक्षा आपलं बरं' ही तुलना. शेजाऱ्याची म्हैस मेली, आपली जिवंत आहे, असं लिहून क्षणभर गार वाटतं, पण उद्या शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घेतला की तीच तुलना उलटी चावते. वहीत दुसऱ्याचं दुःख आपल्या जमेला धरू नका.

पानाचा फोटो काढून स्टेटसला ठेवू नका. एकदा का कोणी बघणार हे ठरलं की लिहिणारा बदलतो. घरात कोणी वाचेल अशी भीती असेल तर वरचा चिडचिडीचा भाग सुट्या कागदावर लिहून चुलीत घाला आणि वहीत खालचाच ठेवा.

लेकरांना हे गृहपाठ म्हणून लावू नका. जेवताना 'आज शाळेत भारी काय झालं?' एवढं विचारा आणि आपलंही सांगा.

कंटाळा येईल. महिन्याभरानं तेच तेच वाटायला लागलं तर रोजचा हट्ट सोडून आठवड्यातून एक-दोनदा लिहा, पण नीट लिहा. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना जास्त फायदा झाला होता. सुरुवातीला रोज लिहा असं मी म्हणतो ते सवय बसावी म्हणून. मध्ये लग्नसराई, सुगी किंवा दुखणं आलं आणि पंधरा दिवस वही उघडली नाही, तर मागचं भरून काढत बसू नका, आजची तारीख टाका.

लिहिता येत नसेल तर

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना याची गरज बऱ्याचदा जास्त असते आणि त्यांच्या हातात पेन बसत नाही. त्यांच्यासाठी वहीचं तोंडी रूप करा. रात्री पाय चेपताना किंवा गोळ्या देताना नातवानं विचारायचं, "आज्जी, आज कोणाकोणावर राग आला?" हे आधी विचारा, म्हणजे ती खुलते. पोटभर बोलू द्या, मध्ये समजूत घालू नका. मग विचारा, "आणि आज बरं काय झालं?" ती म्हणेल, "कायबी नाही बाबा." तेव्हा आपणच एक सांगायचं, खरं आणि तिच्याशी जोडलेलं: "तू ज्वारी निवडून ठेवलीस म्हणून आईला आज गिरणीत लवकर जाता आलं." दोन-चार रात्रींत ती स्वतःहून सांगायला लागेल. गावापासून लांब पुण्याला, मुंबईला असाल तर हेच व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. बटण दाबून ते ऐकायचं आणि उत्तर द्यायचं कसं, ते मात्र सुट्टीत गावी गेल्यावर शेजारी बसून, न वैतागता शिकवावं लागेल.